पुण्याहून रामोजी फिल्म सिटी: गाडीनं जायचं की विमानानं?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्या सोसायटीत एक प्रश्न हमखास निघतो. मुलांना हैदराबादला रामोजीला न्यायचंय, तर गाडी काढायची की विमानाची तिकिटं बघायची? आम्ही दोन्ही करून पाहिलं आहे. एकदा सासू-सासऱ्यांसह गाडीनं गेलो, एकदा चौघंच विमानानं. दोन्ही वेळा काही गोष्टी चुकल्या आणि त्या चुकांतूनच हा हिशोब तयार झाला.

निम्मी घरं "विमानाला सव्वा तास, गाडीला दहा तास" एवढ्यावर निर्णय घेतात आणि उरलेली निम्मी "पेट्रोल दहा हजार, तिकिटं चाळीस हजार" एवढ्यावर. दोन्ही तुलना अर्धवट आहेत. ज्या दिवशी सकाळी नऊ वाजता तुम्ही रामोजीच्या दारात उभे राहाल, त्या दिवशी मुलं, आजी-आजोबा आणि गाडी चालवणारा माणूस कोणत्या अवस्थेत असतील, हे आधी बघायला हवं. रामोजी म्हणजे 1,666 एकरांचा पसारा. आतल्या बसनं फिरवतात हे खरं, पण बसमधून उतरा, चाला, पायऱ्या चढा, उन्हात रांगेत थांबा, पुन्हा बसमध्ये चढा, असं दिवसभर चालू असतं. थकून पोचलेल्या मुलासाठी त्या दिवसाचं तिकीट वाया जातं.

पहिली पायरी: वेळ मोजायचा तो घराच्या दारापासून

कोथरूडचं आमचं घर धरते. लोहगाव विमानतळ गाठायला सव्वा तास. विमान कंपन्या दोन तास आधी यायला सांगतात आणि सामानाची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, म्हणून मुलांसह त्यात काटछाट करू नये. उड्डाण सव्वा तासाचं. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरून बॅगा हातात येईपर्यंत अर्धा तास. तिथून आउटर रिंग रोडनं रामोजीपर्यंत टॅक्सीला तासभर. बेरीज सहा तास, तीही सगळं वेळेवर झालं तर.

आता गाडी. पुणे ते सोलापूर सुमारे 250 किलोमीटर, सोलापूर ते हैदराबाद तीनशेच्या थोडं पुढे. रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत एनएच 65. गंमत अशी की हडपसरहून निघालेला हाच महामार्ग हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे जातो आणि रामोजीचं प्रवेशद्वार त्याच महामार्गालगत आहे. पण शहराच्या मधून जायची चूक करू नका. पाटणचेरूला आउटर रिंग रोडवर चढायचं आणि पेद्दा अंबरपेटला उतरायचं. हा वळसा सत्तर-ऐंशी किलोमीटरचा आहे, पण शहरातल्या गर्दीत जाणारा वेळ आणि डोक्याचा ताप दोन्ही वाचतात. एकूण अंतर सहाशेच्या आसपास. चाकं फिरण्याचे दहा-साडेदहा तास आणि थांब्यांचे अडीच तास धरले की तेरा तास होतात.

म्हणजे खरा फरक सात तासांचा आहे. हा आकडा हाताशी ठेवा, पुढे लागेल.

दुसरी पायरी: डोकी मोजा आणि पैशांचा हिशोब कागदावर मांडा

विमानाचा खर्च डोक्यागणिक वाढतो, गाडीचा जवळजवळ तेवढाच राहतो. देशांतर्गत विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि त्याचं ठरावीक शुल्क भरावं लागतं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला मात्र स्वतंत्र जागा आणि मोठ्यांइतकंच भाडं. "लहान आहे, अर्धं तिकीट लागेल" या भ्रमात कित्येक जण असतात आणि शेवटच्या पानावर रक्कम बघून दचकतात.

नमुन्यादाखल आमचा कागद उतरवते. आई-बाबा, नऊ वर्षांचा थोरला, सहा वर्षांची धाकटी, एक पेट्रोल गाडी, चार दिवस. यातले दर मी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या तारखेचे घाला.

गाडी: जाऊन-येऊन 1,200 आणि तिथलं फिरणं 150, एकूण 1,350 किलोमीटर. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 90 लिटर पेट्रोल, 105 रुपयांनी 9,450. टोल 2,500. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगची झीज किलोमीटरला 2 रुपये, म्हणजे 2,700. जाताना सोलापूरला एक मुक्काम 2,500. वाटेतलं जादा खाणंपिणं 2,000. एकूण 19,150.

विमान: 4,500 रुपयांचं एक तिकीट, चौघांची जाऊन-येऊन आठ तिकिटं, 36,000. पुण्यातली टॅक्सी दोन वेळची 1,400. हैदराबादेत विमानतळ ते रामोजी, परत, आणि एखादा दिवस शहर बघायला, मिळून 5,000. एकूण 42,400.

झीज धरायला बहुतेक जण विसरतात, कारण ती त्या दिवशी खिशातून जात नाही. पण सहा महिन्यांनी टायर बदलताना जातेच. उलट विमानाच्या बाजूला टॅक्सी विसरली जाते. एकदा या दोन्ही ओळी लिहिल्या की कागद खरं बोलायला लागतो.

आता हाच कागद उलटा वाचायचा. चौघांसाठी विमान आणि गाडी सारख्या खर्चात पडायला तिकीट 1,600 च्या आसपास मिळायला हवं. सुट्टीच्या दिवसांत ते शक्य नाही. तिघांसाठी हाच आकडा 2,100 होतो. आणि नवरा-बायको अन् मांडीवरचं तान्हं असेल तर बाळाचं शुल्क सोडून 3,200. म्हणून तिकिटाचा शोध सुरू करण्याआधी आपला आकडा काढून ठेवा. त्याच्या जवळपास भाडं दिसलं तर विचार न करता विमान घ्या. माझ्या मते तान्ह्या बाळासह जाणाऱ्या जोडप्यानं विमानच घ्यावं. तेरा तास बाळाला गाडीत बांधून ठेवणं बाळासाठीही बरं नाही आणि आईसाठीही. आजी-आजोबा धरून सहा जण असतील तर नुसती तिकिटंच 54,000 होतात, तिथं सात आसनी गाडीला पर्याय नाही. फक्त एक लक्षात ठेवा: सात आसनी गाडीत मागची रांग उघडली की डिकी उरत नाही आणि सीएनजीची टाकी असेल तर मुळीच नाही. सामान वर कॅरियरवर बांधावं लागेल.

तिसरी पायरी: वाचलेल्या दिवसाची किंमत ठरवा

आमच्या कागदावर फरक आला 23,250 रुपये. जातानाचे सात आणि येतानाचे सात तास धरले की गाडीनं चार दिवस लागतात, विमानानं तीन. म्हणजे प्रश्न असा: एक दिवस 23,250 रुपयांना विकत घ्यायचा का? दोघंही नोकरी करत असतील आणि वर्षाच्या शेवटी एकच रजा उरली असेल तर उत्तर "हो" असू शकतं, त्यात काही उधळपट्टी नाही. शाळेला आठ दिवस सुट्टी आहे आणि घरूनही काम होतं, अशा घराला तो दिवस इतका महाग घ्यायचं कारण नाही.

पण गाडीचा दिवस वाया जाणारा दिवस असतो असं धरूनच आपण हा हिशोब करतो. आमच्या घरी तसं झालं नाही. सोलापूरपासून अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस. सासूबाईंना रामोजीत फारसा रस नव्हता, पण "वाटेत भवानीचं दर्शन होईल" म्हटल्यावर पहिली बॅग त्यांचीच भरली. पहिल्या दिवशी सोलापूर मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे तुळजापूर, तिथून सरळ नळदुर्गला उतरून पुन्हा महामार्ग. सोलापूरला परत यावं लागत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि चांगला पाऊस झाला की नर-मादीचे धबधबे अंगावर तुषार उडवत कोसळतात. धाकटी त्या पाणीमहालाच्या खिडकीशी पाण्याच्या पडद्यामागे हात बाहेर काढून उभी होती. परत आल्यावर शाळेच्या निबंधात तिनं रामोजी चार ओळींत उरकलं आणि उरलेलं पान नळदुर्गवर लिहिलं.

चौथी पायरी: गाडी कोण चालवणार, याचं खरं उत्तर द्या

माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

घरात आळीपाळीनं महामार्गावर चालवू शकणारी दोन माणसं असतील तरच एका दिवसात सहाशे किलोमीटरचा विचार करा. एकच चालक असेल तर सोलापूरचा मुक्काम ऐच्छिक नाही. तो धरूनच गाडीचा खर्च मांडा.

आम्ही पहिल्या वेळी परतताना चुकलो. दिवसभर रामोजी बघितलं, संध्याकाळी तिथून निघालो, "रात्री रस्ता मोकळा असतो" म्हणून. झहीराबादच्या पुढे कधीतरी, साडेअकराच्या सुमारास, टायरखालून कडेच्या पांढऱ्या पट्ट्यांचा घर्र आवाज आला आणि मी मान वळवली तर नवऱ्याची हनुवटी छातीला टेकलेली. मी ओरडले, त्यानं स्टिअरिंग सावरलं. मागे चौघंही गाढ झोपेत होते. पुढच्या ढाब्यावर गाडी लावून आम्ही उजाडेपर्यंत तिथंच बसून राहिलो. दिवसभर उन्हात चाललेल्या माणसानं त्या रात्री स्टिअरिंग हातात घेऊ नये. पार्कच्या दिवसानंतरची रात्र हैदराबादेतच काढा, खोलीचे पैसे वाचवू नका.

निघायची योग्य वेळ पहाटे साडेचार-पाच. हडपसर, लोणी काळभोर रिकामं मिळतं आणि उजेड पडेपर्यंत तुम्ही भिगवणच्या अलीकडे असता. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असेल, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, तर इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या पट्ट्यात अंधारात फार जपून चालवा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात असतात आणि मागच्या ट्रॉलीला कित्येकदा लाल दिवा नसतो. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी याच रस्त्यानं लोणी, यवतमार्गे पुढे जाते. तेव्हा वाहतूक वळवलेली असते, त्या आठवड्यात गाडी काढूच नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीस ओलांडतो. दुपारी बारा ते चार गाडी सावलीत आणि माणसं पंख्याखाली असावीत.

मुलांना मागच्या सीटवर पट्टा लावणं ही सोय नाही, कायदा आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना दिसलं तर 1,000 रुपये दंड आहे.

दोन चालक नाहीत आणि विमान परवडत नाही, तर चालकासह भाड्याची गाडी हा मधला मार्ग आहे. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी रोजचे किमान 300 किलोमीटर लावतात. आपले चार दिवसांचे 1,350 त्या 1,200 च्या वरच जातात, म्हणजे न फिरवलेल्या किलोमीटरचे पैसे जात नाहीत. किलोमीटरला 15 रुपये धरले तर 20,250. त्यावर चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग. ठरवताना एवढं विचाराच: कर्नाटक आणि तेलंगणाचा परवाना कर यात धरलाय का, की सीमेवर आपल्याकडे मागणार? उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आणि चालकाच्या झोपेची सोय आपणहून विचारा. रात्रभर गाडीतच झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलांना घेऊन निघणार आहे.

पाचवी पायरी: कोणाला काय सोसतं

गाडी लागणारं मूल असेल तर तेरा तास कठीण. आमच्या धाकटीला लागते. निघण्यापूर्वी दूध बंद, एक कोरडी पोळी, हातात आलेपाकाची वडी, मोबाइल अजिबात नाही, नजर समोरच्या रस्त्यावर. एवढं पाळलं तर ती सोलापूरपर्यंत नीट येते. औषध द्यायचं असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा नको. विमानात उलट कानाचा त्रास. विमान उतरायला लागलं की लहानग्यांना काहीतरी चघळायला किंवा प्यायला द्या, झोपले असतील तर उठवा.

ज्येष्ठांचं गणित वेगळं. गुडघे दुखणाऱ्याला गाडीत दर दीड-दोन तासांनी उतरता येतं, स्वच्छतागृह हवं तेव्हा मिळतं, औषधाची वेळ पाळता येते. विमानतळावर लांबच लांब चालावं लागतं, पण चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागितली तर तीही अडचण उरत नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांना गाडीच बरी वाटली, कारण जेवण ठरल्या वेळी आणि घरच्या डब्यातलं मिळालं.

विमान ठरलं, तर

उड्डाण सकाळचं घ्या. आम्ही स्वस्त म्हणून रात्रीचं घेतलं, ते तीन तास उशिरा सुटलं, हॉटेलवर पोचायला अडीच वाजले. दुसऱ्या दिवशी रामोजीत पहिल्याच बसमध्ये धाकटी माझ्या खांद्यावर झोपली ती जेवणापर्यंत. चौघांच्या तिकिटाचे पैसे आणि अर्धा दिवस दोन्ही गेले. पोचण्याचा दिवस आणि पार्कचा दिवस एक करू नका, हा तिथून शिकलेला नियम.

पोचल्याच्या दिवशी दुपार मोकळी असेल तर वंडरलाचा मोह होतो. ते झुल्यांचं आणि पाण्यातल्या खेळांचं पार्क विमानतळाच्याच बाजूला, रावीर्यालला आहे. पण तेही दमवणारं पार्कच. दोन्ही बघायची असतील तर मधे विश्रांतीची रात्र ठेवा.

बॅगांचं म्हणाल तर स्वस्त तिकिटात साधारण 15 किलो सामानात आणि 7 किलो हातात. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेव्हा प्रसादाची वाटी घरीच ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, लोणच्याची बाटली मोठ्या बॅगेत. पोळीभाजीचा डबा, दशम्या, लाडू बरोबर नेता येतात. बाळाचा जन्मदाखला आणि मुलांचं ओळखपत्र विसरू नका.

गाडी ठरली, तर

आठवडाभर आधी टायर, ब्रेक, कुलंट बघून घ्या, स्टेपनीतली हवासुद्धा. वर्षाला महामार्गांवर बऱ्यापैकी फिरत असाल तर फास्टॅगचा वार्षिक पास काढा. खासगी गाड्यांसाठी वर्षभर किंवा 200 फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. 2025 मध्ये तो सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांना होता. एक नाका ओलांडला की एक फेरी. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर हे सोलापूरपर्यंतचे नाके त्यात येतात. हैदराबादचा आउटर रिंग रोड मात्र त्यात नाही, मुंबईहून येणाऱ्यांचा द्रुतगती मार्गही नाही, म्हणून फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावीच लागते. तेलंगणात पेट्रोल-डिझेल महाग आहे. हुमनाबादच्या आसपास, कर्नाटकात असतानाच टाकी भरून घ्या, परतीलाही तिथपर्यंत पुरेल एवढंच भरा.

रिंग रोडवर वेगमर्यादा ताशी 120 आहे. लेन बदलताना आरसा दोनदा बघा. सोलापूर रस्त्याच्या वेगाला सरावलेली नजर तिथं फसते.

आणि रेल्वे?

पुणे-सिकंदराबाद शताब्दी सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि दुपारी अडीचच्या आत पोचवते. मंगळवारी नसते. मुलं डब्यात उठून फिरू शकतात, कोणाला चालवायचं नाही, कानाला त्रास नाही. पाच वर्षांपुढच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी तर पूर्ण तिकीट लागतं, तरी चौघांचं विमानापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळीच काढा. एकच चालक असलेल्या चौकोनी कुटुंबाला मी हल्ली आधी हेच सुचवते.

मुंबईकरांनी यात आणखी दीडशे किलोमीटर आणि घाट मिळवावेत. तिथून मुलांसह एका दिवसात गाडीनं जाणं मला पटत नाही. विमान घ्या किंवा पुण्या-सोलापुरात मुक्काम करा. नांदेड, लातूर, सोलापूरकरांनी मात्र विमानाचा विचारही करू नये.

परतीचा दिवस

पोटभर झोप झाल्यावर सकाळी सात-आठला निघा. दुपारचं जेवण उमरगा किंवा सोलापूरला, सोलापुरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या. भिगवणला उजनीच्या काठी माशाचं ताट खाऊन हडपसरची संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर शहरात शिरा. घरी आल्यावर फास्टॅगचे सगळे संदेश एकदा चाळा. एखाद्या नाक्यावर दोनदा पैसे कापले गेले असतील तर 1033 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या.